बंदरावर संपणारा रस्ता

दापोलीहून हर्णैला जाणारा रस्ता जेमतेम १६-१७ किलोमीटरचा. दापोलीचं पठार सुटलं की तो उताराला लागतो, आसूदच्या सुपारीच्या बागांशेजारून वळणं घेत खाली येतो आणि हर्णैच्या बाजारपेठेत अरुंद होत होत समुद्रापाशी थांबतो. पुढे पुळण, पाण्यात नांगरलेल्या नौका आणि सुवर्णदुर्गाचा तट. अशा रस्त्यांवर सहसा कोणी लिहीत नाही. चर्चा होते ती समृद्धी महामार्गाची, मुंबई–गोवा महामार्गाच्या रखडलेल्या कामाची, समुद्रावरच्या नव्या पुलांची. कोकण किनाऱ्यावरच्या माणसाचं रोजचं बरंवाईट मात्र या आखूड रस्त्यांवर ठरतं. श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंत प्रत्येक बंदराला असा एक रस्ता आहे. त्यांची किंमत आपण चुकीच्या मापाने करतो, म्हणून त्यांच्यावरचा पैसाही चुकीच्या जागी पडतो, असं मला ठामपणे वाटतं. हर्णैचा रस्ता त्याचं उदाहरण म्हणून घेतो, कारण या रस्त्यावर ही चूक उघड दिसते.

आधी थोडं मागे जायला हवं. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधली ही चिंचोळी पट्टी खाड्यांनी आडवी कापलेली आहे. बाणकोट, दाभोळ, जयगड, जैतापूर, विजयदुर्ग. किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेकडून दक्षिणेकडे जायचं तर प्रत्येक खाडीवर तरीची वाट बघावी लागे. त्यामुळे लांबचा प्रवास समुद्रातून व्हायचा आणि जमिनीवरचे रस्ते धावायचे पूर्व-पश्चिम. दाभोळला उतरलेला माल चिपळूणवरून कुंभार्ली घाटाने देशावर चढे, राजापूरचा अणस्कुऱ्याने, वेंगुर्ल्याचा आंबोलीने बेळगावकडे. रस्त्याचा आरंभ बंदरात होता. घाटमाथ्यावरच्या गावाला मीठ, खोबरं, कापड यायचं ते खालून वर.

हर्णै याच साखळीतलं. दापोलीत इंग्रजांनी लष्करी छावणी वसवली, तिचं बंदर हर्णै. दापोलीला आजही जुनी माणसं ‘कॅम्प’ म्हणतात. पुढे आगबोटी सुरू झाल्या. मुंबईहून निघालेली बोट हर्णैसमोर खोल पाण्यात उभी राहायची आणि उतारू पडावांत उतरून किनाऱ्याला लागायचे. ट्रंका, वळकट्या, टपालाच्या थैल्या, गिरणीतल्या चाकरमान्याने घरच्यांसाठी आणलेली लुगडी, सगळं त्या पडावांतून पुळणीवर आणि तिथून बैलगाडीने वर. पावसाळा जवळ आला की बोटी बंद व्हायच्या आणि गणपती उलटून जाईपर्यंत समुद्राचं दार मिटलेलं राहायचं.

दार मिटल्यावर काय व्हायचं याची एक हकीकत महर्षी कर्व्यांच्या चरित्रात आहे. कर्वे हर्णैजवळच्या मुरूडचे. पोरवयात एका परीक्षेसाठी ते सोबत्यांबरोबर पायी सह्याद्री चढून साताऱ्याला गेले आणि वयाने लहान दिसतो म्हणून तिथे त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. ही हकीकत शाळेत सांगतात ती जिद्दीची गोष्ट म्हणून. जिद्द होतीच. मला मात्र तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. शिकलेला, तयारीचा मुलगा घरात होता आणि त्याला परीक्षेच्या गावी वेळेत नेईल अशी वाट त्या किनाऱ्याला नव्हती. किती मुलं साताऱ्यापर्यंत पोचलीच नसतील, याची नोंद कुठल्या चरित्रात सापडायची?

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटलं. १९४८ साली एस.टी. सुरू झाली आणि हळूहळू गावोगाव पोचली. महामार्गावर नद्यांना पूल झाले, आगबोटी बंद पडल्या, १९९८ साली कोकण रेल्वे सलग धावू लागली. ही सगळी भल्याची कामं. पण महामार्ग आणि रेल्वे हे दोन्ही कणे गेले किनाऱ्यापासून आत, खेड-चिपळूणवरून. हर्णैहून दापोली आणि दापोलीहून खेडचा भरणे नाका धरला तर महामार्ग गाठायला सुमारे ४५ किलोमीटर पडतात. ज्या गावातून रस्ता निघायचा, त्या गावात तो आता संपू लागला. सरकारी विचारातही मग हर्णै टोकाचं गाव ठरलं. टोकाच्या गावाच्या वाट्याला जे येतं तेच आलं: शेवटची गाडी, शेवटची दुरुस्ती, निधी उरला तर.

रस्त्याची किंमत कशावरून करायची, हा प्रश्न इथे येतो. १९४३ साली नागपुरात देशभरचे मुख्य अभियंते जमले आणि त्यांनी पुढच्या वीस वर्षांच्या रस्त्यांचा आराखडा केला. महामार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग ही आजची उतरंड तिथली. त्या आराखड्यात प्रमुख जिल्हा मार्गाची ओळख सांगितली आहे ती कामावरून: माल निघतो तो मुलूख आणि बाजार यांना एकमेकांशी आणि मोठ्या रस्त्याशी जोडतो तो जिल्हा मार्ग. रस्ता कुणाच्या उपयोगाचा, हे त्या मंडळींनी आधी विचारलं. गाड्या किती, हा प्रश्न पुढचा.

आता तो पहिला झाला आहे. रस्ता रुंद करायचा की नाही, त्याचा थर किती जाड हवा, हे वाहनगणतीवर ठरतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या निकषांत ग्रामीण रस्त्यांसाठी मोटार म्हणजे १ एकक, दुचाकी म्हणजे अर्धा, बस किंवा ट्रक म्हणजे ३ आणि मोठी बैलगाडी म्हणजे तब्बल ८. हा हिशेब चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. वाहन रस्त्यावर किती जागा अडवतं आणि मागच्याला किती खोळंबवतं, याचं ते माप आहे आणि त्या कामापुरतं चोख आहे. गडबड होते ती हेच माप रस्त्याच्या मोलाचं माप म्हणून वापरल्यावर. मग पन्नास माणसं घेऊन दापोलीला निघालेली एस.टी. आणि समुद्र बघायला आलेल्या तीन मोटारी सारख्याच ठरतात. बर्फात रचलेली सुरमई घेऊन चाललेला ट्रक आणि रिकामा परत येणारा ट्रक सारखाच. बाळंतीण घेऊन उपजिल्हा रुग्णालयाकडे धावणारी गाडी म्हणजे एक एकक, बस्स.

गणती कधी करायची यालाही एक रीत आहे. वर्षातून दोनदा, सात-सात दिवस; एकदा सुगीच्या नि बाजाराच्या दिवसांत, एकदा मंदीच्या. शेतीच्या मुलखाला हे योग्यच. पण मासळीची सुगी वेगळी असते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. ऑगस्ट लागला, नारळी पौर्णिमा झाली की नौका पाण्यात जातात आणि पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत चांगली मासळी लागते. नेमक्या त्याच दिवसांत रस्ता वर्षातल्या सर्वांत वाईट अवस्थेत असतो. दोन-अडीच महिन्यांच्या पावसाने उतारावरचं डांबर उखडलेलं असतं, साइडपट्ट्या वाहून गेलेल्या असतात, आणि पाऊस सरल्याशिवाय डांबराचं नीट काम होत नाही. माल भरपूर निघतो तेव्हा रस्ता नसतो आणि रस्ता गुळगुळीत होतो तेव्हा डिसेंबरच्या सुट्टीची गर्दी सुरू होते. हे वेळापत्रक कुणी मुद्दाम आखलेलं नाही. पण बदलायचं कुणाच्या मनातही येत नाही, कारण मासळीचं वेळापत्रक रस्त्याच्या कागदांत कुठेच नोंदलेलं नसतं.

हर्णैच्या पुळणीवर लिलाव चाललेला असताना थोडा वेळ उभं राहावं, म्हणजे या रस्त्याचं काम काय आहे ते कळतं. पिढ्यान्‌पिढ्या या बंदराचा व्यवहार धक्क्याविना चालत आला. मोठ्या नौका खोल पाण्यात नांगरतात, मासळी होड्यांतून उथळ पाण्यापर्यंत येते आणि तिथे बैलगाड्या थेट लाटेत शिरतात. बैल पोटापर्यंत पाण्यात उभे, चाकं निम्मी बुडालेली आणि दोन माणसं टोपल्यांवर टोपल्या गाडीत रिकाम्या करताहेत. गाडी ओल्या वाळूवरून वर येते, ढीग पडतात. एकीकडे सुरमई, पापलेट, हलवा. दुसरीकडे बांगडा, कोळंबी, म्हाकूल. प्रत्येक ढिगाभोवती माणसांचं कडं जमतं, बोली चढते, अडते, पुन्हा दहा-वीस रुपयांनी सरकते आणि सुटते. ढीग विकला गेला की घाई सुरू होते. बर्फाच्या लाद्या यंत्रात घालून फोडायच्या, क्रेटच्या तळाला बर्फ, वर मासळी, त्यावर पुन्हा बर्फ, की गाडी हलली. मुंबईचा घाऊक बाजार पहाटे भरतो. त्याच्या आधी पोचलं तर भाव, नंतर पोचलं तर पडेल त्या किमतीला.

रस्ता खराब असला की नुकसान व्यापाऱ्याचं होतं असं वरवर वाटतं. तसं होत नाही. दोन तास जास्त लागणार, एखादा पाटा तुटणार, बर्फ वाटेत पाणी होणार, हे त्याला बोली लावतानाच ठाऊक असतं. तो ते आधीच वजा करतो. म्हणजे आसूदच्या वळणावरच्या खड्ड्याची किंमत वसूल होते ती पुळणीवरच्या बोलीतून, आणि शेवटी ती कापली जाते तांडेल-खलाशांच्या वाट्यातून. खड्डा ज्याच्या खिशातून भरला जातो तो माणूस त्या वेळी बंदरावर जाळं साफ करत असतो. रस्त्याच्या कुठल्याच कागदावर त्याचं हे नुकसान चढत नाही.

आणखी एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. मासळीच्या गाडीतून बर्फाचं खारं, बुळबुळीत पाणी रस्त्यावर सांडत जातं. उतारावर, वळणावर त्याचा थर बसतो आणि मागून येणारा दुचाकीवाला घसरतो. गाडीला खाली टाकी बसवून ते पाणी साठवणं मुळीच अवघड नाही. ते ओतायला वाटेत एखादी जागा करणंही नाही. दोन्ही गोष्टी करायला लावणारं कोणी नाही, एवढंच.

लिलावात मोठे ढीग ट्रकवाले घेतात, पण उरलेल्या मासळीवर कितीतरी बायकांचे संसार चालतात. त्या पाटी भरतात आणि दापोलीच्या बाजारात, वाटेवरच्या वाड्यांत विकायला निघतात. त्यांचा रस्ता म्हणजे एस.टी., आणि ती नसेल तेव्हा वडाप. एकदा थांब्यावर एका बाईंना विचारलं, “मावशी, गाडी कधीची?” त्या म्हणाल्या, “गाडी तिच्या टायमाला जाते, दादा. मासळी तिच्या टायमाला येते. दोघींची गाठ पडली तर आमचा दिवस.” तीन वाक्यांत त्यांनी सगळा प्रश्न मांडला. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त अर्धं तिकीट झालं, त्याचा या बायकांना खरोखर उपयोग झाला आहे. पण भरतीच्या वेळा रोज सरकतात, लिलाव पुढेमागे होतो आणि गाडी सुटते ती छापील वेळेला. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास सुरू झालेला एस.टी.चा संप दुसऱ्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत लांबला. त्या काळात अशा गावांत पाटी, शाळा, दवाखाना, सगळं वडापवर आलं. आणि वडाप म्हणजे दाटीवाटीने भरलेली छोटी गाडी. २०२३ च्या जूनमध्ये आसूदजवळ याच रस्त्यावर ट्रक आणि अशी प्रवासी गाडी यांची धडक होऊन कितीतरी जीव गेले. अरुंद वळण, पावसाचे दिवस, सार्वजनिक गाडीची वानवा आणि एकाच पट्ट्यात समोरासमोर येणारा ट्रक नि वडाप. अपघात झाला की एका चालकाकडे बोट दाखवून आपण मोकळे होतो. रस्ता आणि गाड्यांच्या वेळा यांनी ती माणसं तिथे एकत्र आणली होती, हे मनातून जात नाही.

आता दुसरी बाजू. बंदराला एकच रस्ता असणं धोक्याचं आहे, हे ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दाखवून दिलं. दापोली-मंडणगडचा किनारा झोडपला गेला. नारळी-पोफळी मुळासकट आडव्या झाल्या, विजेचे खांब रस्त्यावर पडले, फोन बंद. जोवर गावकऱ्यांनी कोयते-करवती घेऊन झाडं बाजूला केली नाहीत तोवर पत्रे, ताडपत्र्या, औषधं, काहीच खाली येऊ शकत नव्हतं. अनेक वाड्यांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. म्हणून किनाऱ्याला दुसरी वाट हवी, खाड्यांवर पूल हवेत, यात वाद नाही. आंजर्ल्याच्या खाडीवर पूल झाला तेव्हा आंजर्ल्याच्या माणसाला हर्णैला यायला तरीची वाट बघणं संपलं. ते सुख ज्याने भोगलं नाही त्याने पुलांना नाकं मुरडू नयेत.

रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाची कल्पना या अनुभवातूनच लोकांना आवडते. चार दशकं तिची चर्चा आहे आणि आता मोठ्या पुलांची कामं हाती घेतली जात आहेत. माझा विरोध महामार्गाला नाही. मला काळजी आहे ती त्याच्या जागेची आणि क्रमाची. पल्ल्याच्या वाहतुकीला न थांबता, वेगात पुढे जायचं असतं. बंदराच्या रस्त्याला थांबायचं असतं. त्यावर ट्रक वळायचा असतो, बर्फ भरायचा असतो, जाळी पसरायची असतात, शेजारच्या मोकळ्या जागेत बोंबील वाळायचे असतात. ही दोन कामं एकाच पट्ट्यावर आणली की कोण हरणार हे उघड आहे. शेजारची पाजपंढरी बघा. डोंगर आणि समुद्र यांच्या बेचक्यात घराला घर लागलेली कोळी वस्ती. तिथे रस्ता दोन मीटर रुंद करायचा म्हणजे कुणाची तरी ओटी, कुणाचं तरी जाळं विणायचं अंगण. पल्ल्याचा रस्ता वर सड्यावरून जावा आणि बंदराचे रस्ते त्याला खालून येऊन मिळावेत. कोकणाच्या भूगोलाने शतकानुशतकं हीच रचना शिकवली आहे.

पर्यटनाचंही असंच. मुरूड, कर्दे, लाडघर या किनाऱ्यांवर शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा लागतात. घरगुती खाणावळी, खोल्या, गाइड, रिक्षा, यांतून तरुण पोरांना गावातच काम मिळतं आणि मुंबईची वाट धरावी लागत नाही. हे मोलाचं आहे. पण पाहुणा दोन दिवसांचा असतो. त्याच्या गाडीसाठी रस्ता रुंद झाला आणि पुळणीवर गाड्या उभ्या राहिल्यामुळे लिलावाची जागा आक्रसली, तर ज्या ताज्या मासळीसाठी तो आला तीच त्याच्या ताटात येणार नाही.

लोकसंख्येचा मुद्दा काढला जाईल. एवढ्याशा गावासाठी एवढा खर्च कशाला? प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली तेव्हा सपाट प्रदेशात किमान ५०० आणि डोंगरी भागात किमान २५० वस्तीचं प्रत्येक गाव बारमाही रस्त्याने जोडायचं ठरलं. फार मोठं काम त्यातून झालं. पण ‘जोडलं’ असा शिक्का बसला की सरकारी वहीत ते पान मिटतं, आणि हर्णैसारखी आधीपासून जोडलेली गावं तर या हिशेबात येतच नाहीत. शिवाय बंदराचा रस्ता फक्त तिथे राहणाऱ्यांचा नसतो. त्यावरून मुंबई-कोल्हापूरच्या ताटातली मासळी चालते. डोकी मोजायची तर त्या ताटांशी बसलेलीही मोजावीत.

करायचं काय, ते फार खर्चाचं नाही. कोकणात डांबराचा शत्रू गाड्यांहून पाणी जास्त आहे. दापोलीत साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि डोंगराच्या बाजूचं गटार बुजलेलं असलं की ते सगळं पाणी रस्त्यावरून वाहतं. मे महिन्यात गटारं आणि मोऱ्या साफ झाल्या तर ऑगस्टमधले निम्मे खड्डे पडणारच नाहीत, असा गावकऱ्यांचा आणि जुन्या मैलकुल्यांचा अनुभव आहे. मैलकुली हे पद जवळजवळ संपलं. आपल्या वाट्याच्या तुकड्यावर रोज फावडं घेऊन फिरणारा तो माणूस परत आणला पाहिजे. संपूर्ण रस्ता रुंद करण्याआधी ट्रक आणि बस समोरासमोर अडकतात ती वळणं रुंद करावीत. एस.टी.च्या दोन फेऱ्या लिलावाच्या वेळेशी बांधाव्यात. भरतीचं वेळापत्रक वर्षभर आधी छापून मिळतं, त्यामुळे ते अशक्य नाही.

आणि धक्का. हर्णैला पक्कं मासेमारी बंदर हवं ही मागणी जुनी आहे. वादळी वाऱ्यात नौकांना आसरा शोधत आंजर्ल्याच्या खाडीत शिरावं लागतं आणि तिच्या मुखाशी साचलेल्या गाळात अपघात होतात. धक्का झालाच पाहिजे. पण तो पूर्ण झाल्यावर मासळी वाढेल, बर्फ वाढेल, ट्रक वाढतील, आणि ते सगळे त्याच बाजारपेठेच्या बोळातून त्याच वळणांवर चढतील. धक्का बंदर खात्याकडे, मासळी मत्स्य खात्याकडे, रस्ता बांधकाम खात्याकडे आणि गाडी एस.टी.कडे. मासळीचा प्रवास सलग आहे, त्याची मालकी चार ठिकाणी तुटलेली. म्हणून धक्क्याचं आणि रस्त्याचं अंदाजपत्रक एकाच टेबलावर झालं पाहिजे. त्या टेबलाशी हर्णै-पाजपंढरीच्या मच्छीमार सोसायटीची माणसं आणि पाटी घेऊन दापोलीला जाणाऱ्या बायका बसलेल्या पाहिजेत. आणि बैठक ठेवताना ती लिलावाच्या वेळेत येणार नाही, एवढं पाहावं.